अकरा मीटर पाणी

"गाव परत बुडालं," शेलार गुरुजी फोनवर म्हणाले.

आवाजात तक्रार नव्हती. आज दूध नासलं, असं सांगावं तसं ते सांगत होते.

"कधी?"

"चारला लाईट गेली, पावणेपाचला आली. मशीन चालू करून आत जाऊन बघतो तर मारुतीच्या देवळाचा कळस तेवढा वर. शाळा गेली, चावडी गेली. आमचं घर तर पार तळाला."

"आकडा परत टाकलात का?"

"टाकला की. अकरा. गाव आलं वर. पण सुमेधराव, हे रोजचं झालं. उद्या परत चारला जाणार."

"मी बघतोय, गुरुजी."

"बघा. तुमच्याशिवाय आम्हाला कोण आहे," ते म्हणाले आणि हसले.

हे दोन हजार तेरा सालच्या मार्चमधलं. गुरुजींचं खरं गाव, वेळोंडे, त्याच्या पन्नास वर्षं आधीच धरणाच्या पाण्यात गेलं होतं. गावकऱ्यांना कुठे कुठे जमिनी मिळाल्या. निम्मे माळशिरसकडे गेले, गुरुजीही त्यांतलेच, काही ठाण्याच्या बाजूला, काही साताऱ्यात पांगले. रोज दुपारी चारला बुडत होतं ते गुरुजींनी संगणकावर बांधलेलं वेळोंडे.

ज्या प्रोग्रामवर ते बांधलं होतं त्याबद्दल थोडं सांगावं लागेल. दिसायला तो गेमसारखा, पण त्यात जिंकायचं-हरायचं काही नाही. आपली जमीन करायची, तिच्यावर घरं बांधायची, आपलं एक बाहुलं तयार करायचं आणि त्याला घेऊन फिरायचं. दुसऱ्यांची बाहुली आली तर त्यांच्याशी बोलायचं. प्रोग्राम खुला होता, म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचावा, चुका सापडल्या तर कोणीही दुरुस्त कराव्यात. अशा दुरुस्त्या करणारे जगभरातले तीसेक लोक होते, त्यांतला मी एक. पगार नाही, हार-तुरे नाहीत. सकाळी सहा ते नऊ मी त्या कामाला बसत असे.

मला ते काम का आवडायचं, हे लोक विचारायचे. म्हणजे विचारलं असतं, लोक असते तर. माझी नोकरी घरून होती. परदेशातल्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी वाचायच्या आणि उत्तरं टाइप करायची. तोंड उघडायची वेळ दिवसेंदिवस येत नसे. लग्न झालं होतं, ते अडीच वर्षांत मिटलं. आम्ही दोघांनीही कधी आवाज चढवला नाही, तेच बहुधा चुकलं. विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत मी आणि आई. आई जात्याच कमी बोलणारी, आणि मी तिच्यावर गेलेलो नाही असं म्हणायला जागा नव्हती.

त्या प्रकल्पातले लोक एकमेकांना टोपणनावांनी ओळखायचे. एक टिंबर होता, एक ओल्डगोट होता, मी सु-सेव्हन. कोण कुठला, कोणाचं आडनाव काय, कोणी विचारत नाही. तुमचा कोड बरा असला की तुम्ही बरे. मला हे फार सोयीचं वाटायचं. चाचणीसाठी मी लोकांनी बांधलेल्या बेटांवर बाहुलं घेऊन हिंडायचो. कोणी समुद्राकाठी हॉटेल बांधलेलं असायचं, टेबलांवर कप मांडलेले, गाणं चालू, आणि माणूस एकही नाही. बांधणारा दोन वर्षांपूर्वी येऊन गेलेला. मी एखाद्या खुर्चीवर बाहुलं बसवायचो आणि खुर्ची नीट चालते अशी नोंद करायचो. त्या वेळी मला फार एकटं वाटायचं, आणि तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जायचो.

गुरुजींची तक्रार या प्रकल्पाच्या तक्रारवहीत तीन महिने पडून होती. इंग्रजी त्यांचं स्वतःचं होतं. "माय व्हिलेज वेळोंडे इज ड्राउनिंग डेली. काइंडली डू द नीडफुल." टिंबरने खाली लिहिलं होतं की आमच्याकडे असं घडत नाही, आणि तक्रार बंद केली होती. गुरुजींनी ती पुन्हा उघडली. टिंबरने पुन्हा बंद केली. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा माझी नजर गेली, ती बुडण्यावर नाही, गावाच्या नावावर. ते नाव मी चौतीस वर्षांत फक्त आईच्या तोंडून ऐकलं होतं, तेही चार-पाच वेळा. लिहिलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

वेळोंडे आईचं गाव. पाणी आलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. गावाबद्दल विचारलं की ती एवढंच सांगायची, "नदीच्या अंगाला घर हुतं आमचं." पुढे विचारलं की भाजी निवडायला घ्यायची.

आणि त्या वर्षी तिचे डोळे चालले होते. काचबिंदू. बाजूचं दिसणं आधीच गेलेलं, समोरचं तेवढं नळीतून बघावं तसं उरलेलं. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली वर्षभर धरा, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा मी ठरवलं. दिसतंय तोवर आईला तिचं घर दाखवायचं. एवढं एकच मला त्या वर्षी करायचं होतं.

मी गुरुजींना लिहिलं, त्यांनी नंबर मागितला, आणि दुसऱ्या मिनिटाला फोन. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, चित्रकलेची आवड. शाळेत संगणक आले तेव्हा ते शिकायला सगळे तरुण शिक्षक मागे सरले आणि हे पुढे झाले. निवृत्तीनंतर धरणाआधीचा सर्व्हेचा नकाशा कुठल्याशा ऑफिसातून मिळवला, त्यावरून जमिनीचे चढउतार जसेच्या तसे उठवले आणि वर आठवणीतून एकेक घर बांधलं. चार वर्षं लागली. चैत्री पौर्णिमेला गावची जत्रा असायची. यंदा पांगलेल्या सगळ्यांना त्या दिवशी या वेळोंड्यात जमवायचं, असा त्यांचा बेत होता.

"तुम्ही मूळचे कुठले, सुमेधराव?" त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं.

"पुण्याचाच."

"नाही, पण मूळचे?"

"मूळचाही पुण्याचाच."

का खोटं बोललो, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की आईला आणि त्यांना एकदम चकित करायचंय. मला स्वतःलाही तेच खरं वाटत होतं. गुरुजींनीही पुढे विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांचा फोन रोज यायला लागला. कधी पाण्याबद्दल, कधी उसाबद्दल, कधी नुसतंच "जेवलात का?" म्हणून. दुपारी पाचच्या सुमारास मी फोनकडे बघत बसायला लागलो. मला त्या माणसाचा लळा लागला होता, हे सरळ सांगतो.

दोष शोधायला मला नऊ दिवस लागले, आणि सापडला तेव्हा हसू आलं. पाण्याची पातळी तुम्ही बदललीत की ती नुसती तात्पुरती लक्षात ठेवली जायची. पक्की नोंद व्हायची ती प्रोग्राम नीट बंद केल्यावर. टिंबर आणि मंडळींची यंत्रं महिनोन्‌महिने चालूच असायची, आणि बंद करायची तर रीतसर. चालू यंत्राची वीज रोज चारच्या ठोक्याला जाते, ही गोष्ट हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आली नव्हती. वीज आली की प्रोग्रामला स्वतःचा एकच आकडा ठाऊक असायचा, वीस. वीस मीटर पाणी. वेळोंड्याची शाळा होती चौदावर.

"इन्व्हर्टर नाही का?" मी गुरुजींना विचारलं होतं.

"आहे. दोन बल्ब आणि एक पंखा. मशीन लावलं की शिट्टी मारतो आणि बसतो."

दुरुस्ती छोटी होती. आकडा बदलला की त्याच क्षणी पक्की नोंद. पण करताना मी एक घोळ घातला. पाणी खरंच हलतंय का हे पाहायला मी माझ्या कोडमध्ये पातळी शून्य टाकली, आणि ती तशीच ठेवून गुरुजींना तपासायला पाठवली. आमच्या धंद्यात हा गाढवपणा प्रत्येक जण एकदा करतो आणि कबूल करत नाही.

"सुमेधराव," दुसऱ्या दिवशी फोन आला, "आज गाव आहे, पण नदीच नाही."

मी घाईघाईने आत गेलो. खरंच, सगळं कोरडं. गावाच्या पूर्वेला उतार, मग एक मोठी सपाट जागा, आणि तिच्याही पलीकडे नदीची खोल अरुंद घळ. सपाट जागेवर काही म्हणजे काही नव्हतं. एक खांब नाही, दगड नाही.

"गुरुजी, ही एवढी रुंद जागा पाण्याखाली? नदी एवढी मोठी होती?"

"होती की. शाळेच्या खालच्या बांधावर उभं राहिलं की पायाशी पाणी. माझ्या डोळ्यांसमोर आहे अजून. म्हणून तर अकरा. अकरा टाकलं की बरोबर तिथं येतं."

"बरं," मी म्हणालो आणि अकरा टाकले. पाणी बरोबर बांधापर्यंत आलं.

दुरुस्ती सर्वांनी मान्य करायला आणखी आठवडा गेला. टिंबरचं म्हणणं, वापरणाऱ्याने यंत्र नीट बंद करायला शिकावं. मी त्याला भारनियमन म्हणजे काय ते चार परिच्छेदांत समजावलं. त्यावर ओल्डगोटने लिहिलं की त्याच्या बापाच्या शेतावर लहानपणी असंच होतं, आणि त्याने माझी बाजू घेतली. त्यापलीकडे तो कोण हे मला आजही माहीत नाही. जत्रेच्या पाच दिवस आधी माझा कोड मुख्य प्रोग्राममध्ये गेला. त्या दिवशी चारला लाईट गेली, पावणेपाचला आली, आणि लगेच गुरुजींचा फोन आला.

"सुमेधराव, गाव आहे," ते म्हणाले. "जिथल्या तिथं आहे."

मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. माझेही डोळे भरले होते. इतक्या वर्षांत माझ्या कामाने कोणी रडलं नव्हतं.

"जत्रेला सगळ्यांपुढं तुमचं नाव घेणार आहे मी. आणि मे महिन्यात इकडं यायचं राहायला. घरच्यासारखं. आईंनापण आणा."

"येऊ," मी म्हणालो. घरच्यासारखं हा शब्द मी दिवसभर घोळवत होतो.

आदल्या दिवशी आईला सांगितलं.

"आई, उद्या सकाळी तुला वेळोंडे दाखवतो."

ती मेथी निवडत होती. डोळ्यांजवळ जुडी धरून एकेक पान चाचपत होती.

"पाण्यात हाय ते."

"संगणकावर बांधलंय एकाने. शेलार गुरुजी म्हणून आहेत. तिथलेच."

"कंचे शेलार?"

"हिंदुराव."

"वरल्या आळीचे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या घरापत्तुर जाता यील का?"

"येईल की. तुझ्या दारात नेऊन उभं करतो."

आजही हे वाक्य आठवलं की मला स्वतःची चीड येते.

सकाळी मी उठलो तेव्हा आई अंघोळ करून तयार होती. ठेवणीतली निळी साडी नेसली होती. कॉम्प्युटरपुढे बसायला कोणी ठेवणीतली साडी नेसत नाही हे मी तिला सांगितलं नाही. तिच्यासाठी बाहुलंही केलं होतं. नऊवारीतलं कुठे मिळेना, म्हणून ब्राझीलच्या एका बाईने केलेला घागरा हिरवा रंगवून लुगड्यासारखा केला होता. आई पडद्याला नाक लागेल इतकी जवळ बसली. बाण दाबून बाहुलं मी चालवत होतो. गुरुजींचा फोन स्पीकरवर होता. त्यांच्या आताच्या गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर सगळं दिसत होतं आणि साठ-सत्तर माणसं जमली होती. ठाण्याचे, साताऱ्याचे लोक नातवंडांच्या मदतीने आपापली बाहुली घेऊन आले होते. वेशीत वीसेक बाहुली एकमेकांना धडका देत उभी होती. त्या प्रोग्रामच्या जगात इतकी गर्दी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"ही वेस," गुरुजी हॉलमध्ये सांगत होते. "ही चावडी. हा तात्या पाटलांचा सोपा. वळखा बघू हे घर कुणाचं?"

हॉलमधून कोणी बाई म्हणाली, "आगं बया, आमचा उंबरा!" आणि तिला हुंदका आला. मग एकेक जण आपलं घर ओळखू लागला. हॉलमध्ये नुसता कालवा झाला. गुरुजींनी माझं नाव घेतलं, "पुण्याच्या सुमेधरावांनी पाणी थांबवलं म्हणून हे गाव आज आहे," असं म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मी आईकडे पाहिलं. ती पडद्याकडेच पाहत होती.

विहिरीपाशी मंडळी थांबली. आई म्हणाली, "म्होरं चल."

देवळापाशी गुरुजी म्हणाले, "या, सगळ्यांनी आत या. गाभाऱ्यात मारुती हुबेहूब केलाय." बाहुली एकामागून एक आत शिरली. मीही बाण दाबला.

आईने माझा हात धरला. "आपण भाईर थांबू."

"अगं, आत जाता येतं. भिंतीत अडकायचा दोष होता, तो मी काढलाय."

"भाईर थांबू," ती म्हणाली. "खाली चल. नदीकडं."

शाळेवरून उताराने बाहुलं खाली नेलं. बांध आला. बांधाच्या पायथ्याला पाणी, थेट पलीकडच्या डोंगरापर्यंत. मी थांबलो.

"इथून पुढे पाणी आहे, आई. तुझं घर कुठल्या बाजूला?"

तिने मान हळूहळू वळवत नळीतून सगळा पडदा बघून घेतला, डावीकडून उजवीकडे.

"पाणी काढ," ती म्हणाली.

"आई, ती नदी आहे."

"नदी पल्याड हाय. हे नुसतं पाणी हाय."

मला ती सपाट जागा आठवली. पंधरा दिवसांपूर्वी मी ती पाहिली होती, रुंदीबद्दल प्रश्नही विचारला होता, आणि उत्तर मिळाल्यावर बरं म्हणून अकरा टाकले होते. कोडमधली एक चुकीची ओळ नऊ दिवस शोधणारा माणूस मी. गुरुजींनी मला गावाचे सगळे हक्क दिलेले होते. मी आकडा पाच केला.

पाणी उतरलं. नदी आपल्या घळीत गेली, आणि अलीकडे ती मोकळी जमीन उघडी पडली. हॉलमध्ये गलका झाला. कोणी तरी ओरडलं, "गुरुजी, नदी आटली!"

"सुमेधराव?" गुरुजींचा आवाज जवळ आला. "परत बिघडलं का काही?"

"नाही गुरुजी. मी काढलंय पाणी."

"का हो?"

फोन कापून टाकावा, लाईट गेली म्हणून सांगावं, असं एक क्षण वाटलं. त्या माणसाचा रोजचा फोन मला हवा होता. मेमध्ये त्यांच्याकडे राहायला जायचं होतं.

"माझी आई इथली आहे," मी म्हणालो. "वेळोंड्याची."

"अरे!" ते खरोखर आनंदले. "आणि बोलला नाहीत इतके दिवस? कुणाच्यातल्या?"

आईने फोन हातात घेतला.

"सखा तराळाची नात मी," ती म्हणाली. "खालच्या वस्तीतली."

हॉलमधला कालवा चालूच होता. गुरुजी सावकाश म्हणाले, "सखा तराळ. दवंडी द्यायचा. आठवतो की. उंच होता, खांद्यावर घोंगडी."

"व्हय. त्योच."

"पण आक्का, तिथं घरं... मला तर तिथं पाणीच आठवतंय. बांधावर उभं राहायचो आम्ही पोरं, पायाशी पाणी."

"बराबर हाय तुमचं," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पयल्या साली पाणी आमच्यात आलं. रातीत सोळा घरं गेली. तवा तुमी पोरं बांधावर यून बघत हुता. तुमच्याकडं आलं ते दुसऱ्या साली. मधलं एक वरीस तुमचा गाव हुता आन् आमचं पाणी हुतं."

मग आई मला म्हणाली, "चालीव." मी बाहुलं बांधावरून खाली उतरवलं.

"सरळ जा. हितं कोंडाचं घर. हितं यसूमावशी, तिच्या दारात रायवळ आंबा. आता नदीकडं वळ. हितं आमचा पाणवठा, सगळ्यांचं धुणं. अजून म्होरं. थांब." तिने बोट पडद्यावर टेकवलं. करड्या मातीचा एक चौकोन होता, शेजारच्या चौकोनांसारखाच. "हे. तोंड उगवतीला कर."

मी बाहुलं वळवलं. समोर नदी दिसत होती.

"आक्का," गुरुजींचा आवाज बसला होता. "माणसं आठवतात मला. घरं का नाही आठवत? चार वर्षं बांधतोय, मला एकदाही वाटलं नाही... तुम्ही सांगा. एकेक घर सांगा. मी बांधतो. आठ दिवसांत सोळा घरं उठवतो."

"कुणापायी?" आई म्हणाली. "त्यातलं म्याच ऱ्हायलीया. आन् माजं बी डोळं दिवाळीपत्तुर हायेत का न्हाईत."

ते तिने बरोबर सांगितलं होतं. दिवाळीच्या आधीच तिचं दिसणं थांबलं. मेमध्ये आम्ही माळशिरसला गेलो नाही. गुरुजींनी तीन वेळा बोलावलं, आणि तिन्ही वेळा मी काम पुढे केलं. त्यांचे फोन येत राहिले, मग आठवड्याने, मग सणासुदीला. राग त्यांच्यावर नव्हता. त्यांना माझ्याशी आता फार जपून बोलावं लागायचं, आणि ते मला ऐकवत नव्हतं.

पण तेव्हा, त्या सकाळी, हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली होती. ताशावाला मधूनच टिपरी मारून बघत होता. एका म्हाताऱ्याचा आवाज आला. भांडखोर नव्हता, नुसता अवघडलेला. "गुरुजी, पालखीचा टाइम झाला. ते पाणी आधीसारखं करा की. आमचा बांध कुठला नि पाणंद कुठली, काय उमजंना झालंय."

"थांबा जरा, अण्णा," गुरुजी त्याच्यावर जवळजवळ खेकसले. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"कर बाबा आधीवानी," आई मला म्हणाली. "त्यास्नी गाव वळकू यीना झालंय."

"नको, आई. राहू दे असंच. मी लिहिलेलं आहे ते, मी ठेवीन तसं राहील."

"लोकं लांबनं आल्यात," ती म्हणाली. "कर."

मी आधी बाहुलं वर घ्यायला बाणावर बोट ठेवलं. तिने माझं बोट उचलून बाजूला केलं. मग मी अकरा टाकले.

पाणी घळीतून बाहेर आलं आणि त्या सपाट जमिनीवर पसरत आमच्याकडे यायला लागलं. हिरव्या लुगड्याच्या घोट्याला लागलं, मग कमरेला.

"आक्का, वर या," फोनवर गुरुजी म्हणत होते. "पाणी येतंय तिकडं. वर या आमच्यात."

आईने फोन तोंडाजवळ धरला. डोळे तिने पडद्यावरून हलवले नव्हते.

"तुमी व्हा म्होरं, गुरुजी," ती म्हणाली. "म्या पोचले घरी."